अण्णांच्या स्प्लेंडरचा प्लग : एका तासाचं काम, पाच आठवड्यांच्या नोंदी

गाडी : हीरो होंडा स्प्लेंडर, २००२ ची, ९७.२ सीसी. कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग). किलोमीटरचा काटा केबल तुटल्यापासून मेलेला आहे, त्यामुळे किती चालली ते देवाला ठाऊक. वापर : अण्णांचा (माझे वडील), घर ते मळा, मळा ते डेअरी, आठवड्यातून एकदा कराड (११ किलोमीटर).

तक्रार : वीस-पंचवीस किका मारल्याशिवाय उठत नाही. चाळीसच्या पुढे गेली की ठसकते. पेट्रोल जास्त पिते.

माझा अंदाज : प्लग (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) बदलायचा. शंभर रुपये, एक तास.

प्रत्यक्षात किती गेले त्याचा हिशोब शेवटी दिला आहे. मी पुण्यात नोकरी करतो, गावी शनिवार-रविवार येतो. म्हणून मधल्या तारखा गायब आहेत.

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार

गणपतीला आलोय, आज ऋषिपंचमी. स्वयंपाकघरात आपलं काही काम नाही म्हणून गाडीला हात घातला. गाडी जूनपासून अर्धा वेळ पडवीत उभी होती.

स्प्लेंडरला प्लग एकच, टाकी न काढता हाताशी येतो. गाडीसोबतच्या हत्यारांच्या पिशवीत १६ मिमीचा नळीसारखा प्लगपाना असतो, त्याच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून फिरवायचा. प्लगच्या डोक्यावर वायरची कॅप असते, ती ओढताना वायरला धरायचं नाही, कॅपलाच धरायचं. हे मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, असं आता म्हणावं लागेल.

प्लगच्या बुडाशी, इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या फटीत, कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. प्लग तसाच काढला असता तर ती माती सरळ सिलिंडरात. आधी ब्रशने खरवडली, मग सायकलच्या पंपाने हवा मारली, मग प्लग अर्धा फेरा सैल करून परत हवा मारली, आणि मग काढला. आजच्या दिवसातलं बरोबर केलेलं काम हे एकच.

प्लग कोरडा काळा. बोट लावलं की तव्याच्या बुडाची काजळी लागावी तसं. ओला नाही, तेलकट नाही. तेलकट असता तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागलं असतं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, नाहीतर ठिणगी कमजोर. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि त्यावर पुढचा महिनाभर विचार केला नाही.

पेट्रोलचा कॉक उघडून टाकीतलं जुनं पेट्रोल बाटलीत काढलं. दीडेक लिटर निघालं, वास वार्निशसारखा. दहा मिनिटांनी बाटलीच्या तळाशी बोटभर जाडीचा वेगळा थर दिसायला लागला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं, आणि पाणी फार झालं की ते पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. पावसाळाभर उभ्या गाडीत हेच होतं. कॉक टाकीच्या तळाशी असल्याने इंजिनाला पहिलं तेच मिळतं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून तीही रिकामी केली. नवीन एक लिटर, १०५ रुपये.

जुना प्लग पितळी ब्रशने आणि पेट्रोलने साफ करून परत बसवला. पॉलिश पेपरने घासू नये, त्याचे कण पांढऱ्या चिनीमातीच्या आत अडकतात. सहाव्या किकला उठली. अण्णा म्हणाले, "झाली की रं." संध्याकाळी डेअरीवरून येताना परत ठसकली.

३० ऑगस्ट, शनिवार

कराडला प्लग आणायला गेलो. जुना प्लग खिशात न घेता गेलो. ही चूक क्रमांक एक.

पहिल्या दुकानात "स्प्लेंडरचा प्लग" म्हणालो. पोराने एक खोकं टाकलं : एनजीके सीपीआर८ईए-९. "हाच बसतोय सगळ्याला. आठ नंबर आहे, थंड राहतंय इंजिन." घरी जाऊन बसवणारच होतो, पण नशिबाने दारातच उघडून बघितला. आट्यांचा भाग लांबलचक. माझ्या आठवणीतला प्लग बुटका होता. परत केला.

स्प्लेंडरला लागतो सी७एचएसए. अक्षरं एकदा समजली की दुकानदाराच्या बोलण्यावर राहावं लागत नाही. सी म्हणजे आटे १० मिमीचे, पाना १६ चा. एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी. त्या दुसऱ्या प्लगवर ई होतं, म्हणजे १९ मिमी. जाडी तीच, पाना तोच, त्यामुळे तो हाताने मजेत आत जातो. पण सहा मिमी जास्तीचा लोखंडी दांडा खाली, जिथे पिस्टन वर येतो आणि व्हॉल्व्ह उघडतात तिथे लोंबकळतो. पहिल्या किकला काय झालं असतं ते कळायला मिस्त्री लागला नसता.

मधला आकडा उष्णतेचा. एनजीकेत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तो उष्णता लवकर हेडला (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) देऊन टाकतो. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा तो गरम. म्हणून "आठ नंबर" असं नुसतं बोलून काही कळत नाही. शिवाय प्लग थंड म्हणून इंजिन थंड राहत नाही, प्लगचं टोक तेवढं थंड राहतं. आणि ते नकोच आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते. अण्णा चाळीसच्या वर जात नाहीत, मळा दोन किलोमीटरवर. त्यांच्या गाडीचा प्लग तापायच्या आत गाडी बंद होते. अशा गाडीला आठ घातला तर तो आणखीच काळा पडणार. उलट एक घर गरम, सहाचा घालावा का, हा विचार माझ्या मनात आला होता. नाही घातला. उन्हाळ्यात तीच गाडी मागे खताची दोन पोती घेऊन चढावर जाते. कंपनीने सात सांगितलाय, सातच.

सी७एचएसएमध्ये मध्ये आर असलेलाही येतो, सीआर७एचएसए. त्यात आतच रेझिस्टर असतो. मापं तीच, चालतो. इरिडियम ५०० च्या पुढे होता. ज्या गाडीचा काटा बंद आहे तिला इरिडियम कशाला.

दुसऱ्या दुकानात बरोबर नंबरचा मिळाला, ७० रुपये. पहिल्या दुकानात तोच ११० सांगितला होता. चाळीस रुपये वाचले म्हणून खूष. ही चूक क्रमांक दोन.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी यायचा दिवस. सकाळी नवीन प्लग बसवला, दुसऱ्या किकला उठली. आईने तेरड्याची रोपं आणायला मळ्यात पाठवलं. ओढ्याच्या खड्ड्यांत गाडी अचानक मेली, ठसका नाही, काही नाही. बघतो तर प्लगची कॅप बाजूला लोंबतेय. दाबून बसवली, शंभर पावलांवर परत निघाली. तिसऱ्यांदा नाद सोडला आणि तेरडा कॅरियरला बांधून गाडी ढकलत आणली.

कारण फालतू. या प्लगच्या डोक्यावर एक बारीक टोपीसारखा नट येतो. काही गाड्यांच्या कॅपला तो लागतो. स्प्लेंडरच्या कॅपला नाही, ती खालच्या उघड्या आट्यांनाच धरते. जुन्या प्लगवर तो नट नव्हता, मी दोन्ही शेजारी ठेवून बघितले असते तर दिसलं असतं. पकडीने नट काढला.

पण नट काढायला प्लग काढायची गरज नव्हती. मी काढला. इंजिन गरम होतं, घरातून "आलास का?" अशी हाक येत होती. परत बसवताना हाताने न फिरवता थेट पाना लावला. दीड-दोन फेऱ्यांत घट्ट लागायला लागला. वाटलं, नवीन आहे म्हणून कडक असेल. जोर लावला. एक "कर्र" आवाज आला, आणि मग प्लग लोण्यात गेल्यासारखा फिरायला लागला.

ज्यांनी हे कधी केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी. वाकडे आटे लागले की हरतं ते अॅल्युमिनियम. किक मारली तर प्लगच्या बुडातून फुस्स.

योग्य पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण मला ती आधी माहीत होती आणि मी पाळली नाही. इंजिन हात लावण्याइतकं थंड. प्लग बोटांनी, नाहीतर प्लगवर रबरी नळीचा तुकडा अडकवून त्याने फिरवायचा. नळीचा फायदा असा की आटे वाकडे लागले तर नळीच घसरते, जबरदस्ती करताच येत नाही. बोटाने पूर्ण बसला की मग पाना, नवीन वॉशर असेल तर पाव ते अर्धा फेरा, जुना वॉशर असेल तर जेमतेम. बस्स.

अण्णांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चालत डेअरीला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन आठवडे अण्णा शेजाऱ्यांच्या गाडीवर. आज टेम्पोत घालून गाडी कराडला मिस्त्रींकडे.

मिस्त्रींनी टॉर्च मारून बघितलं. "वरचे तीन आटे गेलेत, खालचे बी चाटलेत. चेसरनं निघायचं न्हाई. बुश टाकाय लागंल." चेसर म्हणजे बिघडलेले आटे सरळ करायचं हत्यार, बुश म्हणजे भोकात बसवायची नव्या आट्यांची नळी. हेड न उतरवता, टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस फासूनही बुश टाकतात. ग्रीसमध्ये बराचसा कीस अडकतो. "बराचसा" या शब्दाला मिस्त्री तयार नव्हते. "एक कण राहिला तर सिलिंडरला रेघ. मग मला शिव्या."

हेड उतरवलं. मॅग्नेटवरची टी खूण जुळवून, टायमिंग चेन तारेने बांधून ठेवली म्हणजे ती आत पडत नाही. हेड लेथवाल्याकडे गेलं, तासाभरात पोलादी बुश बसून आलं. मिस्त्रींनी लगेच घेतलं नाही. प्लग हाताने लावून हेड उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. प्लगचा शेवटचा आटा आणि हेडचा पृष्ठभाग एका पातळीत लागला पाहिजे. बुशाची कड आत डोकावत असेल तर ती लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. प्लग आतच राहिला तर मोकळ्या आट्यांत काजळी भरते आणि पुढच्या वेळी काढताना बुशच प्लगबरोबर बाहेर येतो. आमचा बुश किंचित आत डोकावत होता. लेथवाल्याकडे परत पाठवून कड घासून घेतली.

माझा ७० रुपयांचा प्लग मिस्त्रींनी हातात घेतला, वॉशर फिरवला, आणि तो सरळ निघून त्यांच्या बोटात अंगठीसारखा आला. "डुप्लिकेट." अस्सल प्लगचा वॉशर मुद्दाम असा दाबलेला असतो की तो फिरतो पण सहज निघत नाही. मग मलाही बाकीचं दिसायला लागलं. चिनीमातीवरची अक्षरं नखाने खरवडली जात होती, मधला इलेक्ट्रोड वरच्या पट्टीच्या बरोबर खाली नव्हता, एका अंगाला सरकलेला.

तात्पुरता जुनाच प्लग साफ करून लावला. हेड गॅस्केट, टॅपेट सेटिंग, सगळं होऊन पाचला गाडी सुरू. ठसका तसाच.

२० सप्टेंबर, शनिवार

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर नाना पेठेत जाऊन दोन सी७एचएसए घेतले, प्रत्येकी ११५. दुकानातच वॉशर ओढून बघितले. दुकानदार हसला, पण बघू दिलं.

गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, ०.६ ते ०.७ मिमी हवा. माझ्याकडे ती मोजायचं फिलर गेज नाही. मिस्त्रींची युक्ती : हॅकसॉचं ब्लेड. हाताच्या करवतीचं नेहमीचं ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड असतं, पण ते दात नसलेल्या बाजूने घालायचं, कारण दात आलटून पालटून बाहेर वाकवलेले असतात आणि तिथे जाडी जास्त भरते. ब्लेड किंचित घासत सरकलं की झालं. माझ्या एका प्लगमध्ये ब्लेड सैल फिरत होतं. वरची पट्टी लाकडावर हलकेच टेकवून दाबली. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन पट्टी कधी वाकवू नये, चिनीमाती आतून तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही.

थंड इंजिन, रबरी नळी, बोटांनी पूर्ण बसेपर्यंत, मग पाना. दुसऱ्या किकला उठली. ठसका जवळजवळ गेला. एसटीत बसून पुण्याला येताना वहीत "काम संपलं" असं लिहिलं होतं. ते वाक्य आता खोडलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

आठवड्यात गाडी फार तर साठ किलोमीटर चालली असेल. प्लग काढला. काळा. तोच तव्याचा रंग, अस्सल प्लगवर, बरोबर नंबरच्या, बरोबर गॅपच्या.

पहिल्या दिवशी वहीत लिहिलेलं वाक्य परत वाचलं. हवा कमी, नाहीतर ठिणगी कमजोर. प्लग बिचारा पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता आणि मी त्यालाच बदलत होतो.

संध्याकाळी ठिणगी बघितली. प्लग कॅपमध्ये घालून त्याचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवलं, प्लगच्या भोकापासून लांब, कारण किक मारली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी आली, पण पिवळट-नारिंगी, आणि चार किकांत एखादी चुकलेली. निळी, चट्चट् आवाज करणारी पाहिजे.

२८ सप्टेंबर, रविवार

कॅप वायरवरून फिरवून काढली (ती स्क्रूसारखी बसलेली असते, ओढून निघत नाही). मल्टिमीटरने दोन टोकांत मोजली. साधारण ५ किलोओहम यायला पाहिजे. आकडा ३० च्या पुढे, आणि कॅप हलवली की नाचतोय. आत ओल गेलेली. वायरचं टोक हिरवं पडलेलं. वायर थोडी लांब असते म्हणून टोकाचा सहा मिमी तुकडा कापला, आत चकचकीत तांबं दिसलं. नवी कॅप ८५ रुपये, घट्ट फिरवून बसवली. ठिणगी निळी.

मग एअर फिल्टर. फोमचा. बाहेर काढला तर हातात चुरा झाला, भिजलेल्या खारी बिस्किटासारखा. त्यावर धूळ आणि तेलाचा थर. नवा ९० रुपये. तेलात बुडवून, पिळून बसवला. पेटीतला चुरा फडक्याने टिपून घेतला, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबराच्या तोंडात बोळा कोंबून.

तिसरी गोष्ट मला आधी दिसायला हवी होती, कारण ती उघड्यावर होती. चोकच्या दांडीला सुतळी. मी महिनाभर ती बघत होतो आणि मला ती गोणी बांधून नेल्यावर उरलेली वाटत होती. अण्णांना विचारलं.

"ती मीच बांधलीय. चोक दिला तर उठती, काढला तर मरती. मधी धरला की चालती. मग मधीच बांधून टाकला."

"कधी बांधला?"

"पाऊस लागला तवा."

म्हणजे कॅपमध्ये ओल गेली, ठिणगी कमजोर झाली, गाडी उठेना. अण्णांनी त्यावर उपाय काढला, चोक अर्धा. गाडी उठायला लागली. पण अर्धा चोक म्हणजे दिवसभर हवा कमी, पेट्रोल जास्त. प्लग काळा. काळ्या प्लगवरून वीज काजळीतून सरकून जाते, ठिणगी आणखी कमजोर. त्यात कुजका फिल्टर. आणि या सगळ्यावर पोरगा पुण्याहून येऊन प्लग बदलतोय आणि आटे खातोय. महिन्याभरात मी मिस्त्रींना विचारलं, दोन दुकानदारांना विचारलं, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारलं नाही.

सुतळी सोडली, चोक पूर्ण उघडा केला. प्लग साफ केला. पहिल्या किकला. आयडल स्क्रू थोडा खाली घ्यावा लागला, चोकमुळे कुणीतरी तो चढवून ठेवला होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी गाडी धुतली, हार घालायच्या आधी शेवटची तपासणी. अंदाजे पन्नासच्या वेगाने सरळ रस्त्याला पाचेक किलोमीटर, मग क्लच दाबून चावीनेच इंजिन बंद करून कडेला. न्यूट्रलवर भकभक करत घरी आणून प्लग बघितला तर दिसतो तो रंग आयडलचा, रस्त्यावरचा नाही. अर्धा तास झाडाखाली बसलो, इंजिन निवेपर्यंत. यावेळी बसलो.

प्लग काढला. चिनीमाती फिकट तपकिरी, कमी दुधाच्या चहासारखी, कडेला राखाडी झाक. पांढराफटक नाही, काळा नाही.

हिशोब : पेट्रोल १०५, डुप्लिकेट प्लग ७०, लेथवाला ३५०, गॅस्केट आणि ओ-रिंग १६०, मिस्त्रींची मजुरी ६००, अस्सल प्लग दोन २३०, कॅप ८५, फिल्टर ९०. एकूण १,६९०. यातले १,१८० माझ्या घाईचे आणि चाळीस रुपये वाचवण्याचे. टेम्पो ओळखीचा होता, एसटीचं तिकीट धरलेलं नाही.

बाकी राहिलेलं : किलोमीटरच्या काट्याची केबल. दुसरा प्लग फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत ठेवलाय, डोक्यावरचा नट आधीच काढून. सुतळी अण्णांनी फेकू दिली नाही. आरशाच्या दांडीला गुंडाळून ठेवलीय.